अँटवर्पच्या काकांना, एका तबकडीबद्दल

तीर्थस्वरूप काकांना शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही लगेच "जेवलीस का?" विचारता आणि विषय संपवता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. आता चारचौघांत तुम्हाला विषय बदलता येणार नाही.

बेळगावच्या आमच्या घरात काचेच्या कपाटात, बाबांच्या हार्मोनियमच्या भात्याला लावायच्या चामड्याच्या तुकड्यांशेजारी, एक छोटी तबकडी असायची. पंचेचाळीस आरपीएमची. तुम्ही 1977 साली बेल्जियममधल्या अँटवर्पला हिरेवाल्यांच्या पेढीत हिशेब लिहायला गेलात आणि पहिल्या सुट्टीला येताना आणलीत ती. त्यावर नाव होतं वॉलेस कलेक्शन. मला लहानपणी वाटायचं की हे कापडाच्या दुकानाचं नाव असणार. आमच्या खडेबाजारात तेव्हा दर चौथ्या दुकानावर कसलं ना कसलं 'कलेक्शन' होतं, त्यामुळे परदेशातल्या एखाद्या शेठजीनं साड्यांबरोबर गाणी फुकट वाटली असतील, असा माझा समज. बाबांनी तो कधी खोडला नाही. कारण त्यांनाही ठाऊक नव्हतं!

पीएचडीसाठी ल्यूव्हनला आले तेव्हा पहिल्या हिवाळ्यात मी तुमच्याकडे रविवारी जेवायला यायचे. एका रविवारी इंग्रजांच्या बँडचं म्हणून एक गाणं हेडफोनवर ऐकत होते. आय मॉन्स्टरचं, 2001 सालचं. तुम्ही माझ्या कानातला एक बोळा काढून स्वतःच्या कानात घातलात, दोन मिनिटं ऐकलंत आणि म्हणालात, "अगं, हे इंग्रजांचं न्हवं. हे ब्रसेल्सचं हाय. तुझ्या बापाकडं हाय की ही तबकडी."

ते दुपारचं जेवण संध्याकाळी सहाला संपलं.

तुम्ही जे सांगितलंत ते मी नंतर तपासून पाहिलं (सवय वाईट, पण तुमच्याच पेढीची). सगळं खरं निघालं. ब्रसेल्समध्ये 1969 च्या आगेमागे वॉलेस कलेक्शन हा सहा जणांचा बँड उभा राहिला. गिटार आणि गाणं सिल्व्हाँ व्हॅनहोल्म यांचं, ड्रम वाजवत गाणारे फ्रेडी न्यूलांड, बास क्रिस्टियाँ यान्सेन्स, कीबोर्डवर मार्क एरुए. इथपर्यंत जगातल्या कुठल्याही बँडसारखाच. पण उरलेले दोघे, व्हायोलिनवाले रेमाँ व्हँसाँ आणि चेलोवाले जाक नामोत, हे बेल्जियमच्या राष्ट्रीय ऑर्केस्ट्रातले. म्हणजे स्वरलिपी समोर ठेवून, काळा कोट घालून वाजवणारी माणसं. ती उठून ड्रमच्या शेजारी येऊन बसली.

इथे तुम्ही टेबलावर बोट आपटून जो मुद्दा मांडलात तो मला अजून आठवतो. बीटल्सनी 1965 मध्ये गाण्यात व्हायोलिनं आणली होतीच, पण ते वादक बिदागी घेऊन, वाजवून, घरी गेलेले. ब्रसेल्सच्या या मंडळींनी व्हायोलिन आणि चेलो बँडच्या बिऱ्हाडातच घेतले. इंग्लंडमध्ये इलेक्ट्रिक लाइट ऑर्केस्ट्रा सुरू झाला 1970 ला, त्यांची पहिली मोठी तबकडी 1971 ची. "म्हणजे आमच्यावाल्यांनी आधी केलं," असं म्हणालात. 'आमच्यावाल्यांनी'! पन्नास वर्षांत काका बेल्जियन झाले, हे मला त्या शब्दावरून कळलं, पासपोर्टावरून नाही.

मग त्या नावाचा उलगडा. वॉलेस कलेक्शन हे लंडनमधलं संग्रहालय, मँचेस्टर स्क्वेअरमध्ये. सर रिचर्ड वॉलेस यांच्या घराण्यानं जमवलेली चित्रं, चिलखतं, चिनी मातीची भांडी, असं सगळं लेडी वॉलेसनी मृत्युपत्रानं राष्ट्राला दिलं आणि 1900 साली ते लोकांना खुलं झालं. (हेच ते वॉलेस, ज्यांनी पॅरिसला हिरव्या पाणपोया दिल्या.) त्याच चौकात ईएमआय या रेकॉर्ड कंपनीचं कार्यालय होतं. बीटल्सच्या पहिल्या एलपीवर जिन्याच्या कठड्यावरून खाली वाकून बघणारी चार पोरं दिसतात, तो जिना त्याच इमारतीतला. आता आपल्या बँडची पहिली एलपी याच ईएमआयसाठी लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत झाली, निर्माते डेव्हिड मॅके. तिचं नाव 'लाफिंग कॅव्हेलियर', म्हणजे त्याच संग्रहालयातलं फ्रान्स हाल्सचं 1624 सालचं मिशीवाल्या सरदाराचं चित्र. तर बाबा, तुम्ही हे वाचत असाल तर ऐका. कापडाचं दुकान नव्हे. अर्थात सरदाराच्या बाहीवरचं भरतकाम पाहिलं तर अगदीच नव्हे असंही म्हणवत नाही.

तबकडीवरचं 'डेड्रीम' हे त्यांचं गाणं व्हॅनहोल्म, व्हँसाँ आणि मॅके या तिघांच्या नावावर आहे. ते युरोपभर वाजलं. चाल ऐकताना चायकोव्हस्कीच्या 'स्वान लेक' या बॅलेची सावली पडल्यासारखी वाटते, आणि ती पडणारच. ऑर्केस्ट्रातल्या माणसाच्या बोटांत जन्मभराचं वाजवलेलं असतं, ते कोट बदलला म्हणून जात नाही. बाबा हार्मोनियमवर सिनेमाचं गाणं वाजवायला लागले की मधेच भजनाची जागा येते, तसंच.

पुढे 1970 मध्ये दुसरी एलपी आली, आणि 1971 ला बँड मोडला. दोन-तीन वर्षांचा खेळ.

मी तेव्हा म्हटलं, "एवढंच?" माझ्या त्या 'एवढंच'वर तुम्ही काही बोलला नाहीत, फक्त पुढच्या रविवारी मला ब्रसेल्सला घेऊन गेलात. गाडीत म्हणालात, "कान उघडे ठेव." ल्यूव्हनहून निघालेल्या गाडीत घोषणा फक्त डचमध्ये. ब्रसेल्सच्या हद्दीत शिरलो तशी तीच बाई फ्रेंचमध्येही बोलायला लागली. पुढे दक्षिणेकडे गेलो असतो तर डच गायब झालं असतं, आणि बेर्गनचं मॉन्स झालं असतं. गाव तेच. बेळगावच्या पोरीला यात नवं काय? आमच्याकडे तर पाटीच्या रंगावरून भांडणं झालेली आहेत. पण तुम्ही साल सांगितलंत तेव्हा मी गप्प झाले. बँड जुळत होता त्याच्या जरासं आधी, फेब्रुवारी 1968 मध्ये, माझ्याच विद्यापीठातल्या भाषेच्या भांडणावरून बेल्जियमचं सरकार पडलं होतं. ल्यूव्हनच्या रस्त्यांवर 'वालोन बाहेर', म्हणजे फ्रेंच बोलणारे बाहेर, अशा घोषणा दिल्या जात होत्या. विद्यापीठाचे दोन तुकडे झाले, फ्रेंच अर्ध्याला राहायला नवं गावच बांधावं लागलं. मी रोज जिथे बसते त्या ग्रंथालयातली पुस्तकंसुद्धा सम आणि विषम क्रमांक पाहून वाटली गेली. एका फळीवरचं एक पुस्तक या गावात, शेजारचं त्या गावात. आमच्या गल्लीतल्या दोघा भावांनी आजीच्या बांगड्या जोडीतली एकेक करून वाटून घेतल्या होत्या, त्याची आठवण झाली.

अशा दिवसांत ब्रसेल्सच्या सहा जणांनी इंग्रजीत गाणी केली. इंग्रजीत विकतं, हे कारण होतंच, तुम्हीही ते नाकारलं नाहीत. पण तुमचं म्हणणं असं, की त्या घरात दोन्ही भावांना न टोचणारी तेवढी एकच भाषा होती. मला हे पूर्ण पटलेलं नाही. तुम्ही मात्र लगेच पुढचा पुरावा ठेवलात: बँड मोडल्यावर व्हँसाँ यांनी अनेक देशांतले वादक गोळा करून नवा बँड काढला आणि त्याचं नाव ठेवलं 'एस्पेरांतो', म्हणजे कुठल्याच देशाची नसलेली, ठरवून बनवलेली भाषा. त्याचंही आयुष्य थोडंच, 1973 ते 1975 या काळात तीन एलपी आणि संपलं. व्हॅनहोल्म यांनी भाषेचा प्रश्न वेगळाच सोडवला. ते 'टू मॅन साउंड'मध्ये गेले आणि ब्राझीलच्या सांबावर लोकांना नाचवलं. नाचायला व्याकरण लागत नाही.

मधल्या काळात गाणं एकटंच फिरत राहिलं. ग्युंटर कालमन यांच्या जर्मन गायकवृंदानं ते गायलं. त्या ध्वनिमुद्रणाचा तुकडा घेऊन आय मॉन्स्टरनं आपलं गाणं केलं, जे तुम्ही माझ्या कानातून हिसकावलंत. त्यावरून 2006 मध्ये शिकागोच्या लूपे फियास्कोनं जिल स्कॉटबरोबर रॅप केलं. मी तुम्हाला ते ऐकवलं तेव्हा तुम्ही पूर्ण ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "पोरगा भरभर बोलतोय, पण चाल सांभाळून बोलतोय." ही तुमच्याकडून मोठीच शाबासकी.

आणि पुनर्मिलन. 2005 मध्ये जुन्यांपैकी काही जण परत एकत्र आले. मी थोडं नाक मुरडलं होतं. पोट सुटलेले आजोबा तरुणपणीचं एकच गाणं वाजवणार, लोक त्या एकाच गाण्यासाठी थांबणार, बाकी वेळ बिअर पिणार. तुम्ही म्हणालात, "मग? तेवढंच ऐकायला आलेत की ते." जानेवारी 2008 मध्ये फ्रेडी न्यूलांड गेले. पुढच्याच महिन्यात लूपे फियास्कोच्या त्या गाण्याला ग्रॅमी मिळालं. हे सांगून तुम्ही चहा ठेवायला उठलात आणि बराच वेळ गॅसपाशीच उभे राहिलात.

त्या दिवशी मला विचारायचं होतं ते मी विचारलं नाही. तुमच्या आणि बाबांच्या ऑर्केस्ट्राबद्दल.

घरी त्याबद्दल एवढंच माहीत होतं की 1974 ते 1977 गणपतीत, लग्नात, वार्षिक संमेलनात तुमचा पाच जणांचा ऑर्केस्ट्रा वाजायचा. बाबा हार्मोनियम आणि ॲकॉर्डियन, तुम्ही गिटार. मराठी, हिंदी, आणि समोर कोण बसलंय ते पाहून कानडी. आणि तो ॲम्प्लिफायरवरून मोडला. पाच जणांनी वर्गणी काढून घेतलेला ॲम्प्लिफायर कुणाच्या घरी ठेवायचा, यावरून. मला हे नेहमी हास्यास्पद वाटायचं. बँड कसे मोडतात याचं तुमच्याकडून इतकं ऐकल्यावर तसं वाटेनासं झालं. तबकडी तुम्ही बाबांना का आणून दिली होती, तेही तेव्हा कळलं. अँटवर्पच्या शुक्रवारच्या बाजारात, जुन्या सामानाच्या लिलावात, एका खोक्यात ती मिळाली. डच येत नव्हतं, फ्रेंच येत नव्हतं. वाजवून घेतली तर आतून व्हायोलिन आलं, आणि तुम्हाला वाटलं की ही जागा आपल्या हार्मोनियमवाल्यानं ऐकायला पाहिजे. ज्याच्याशी तुम्ही तेव्हा बोलतही नव्हता.

मागच्या डिसेंबरात तुम्ही बेळगावला आलात. गिटार घेऊन आलात हे विमानतळावर पाहिल्यावर आई म्हणाली, "आता काय, दोघं मिळून वाडा पाडणार." पाचांपैकी तिघं जमलात. बोंगो वाजवणारे काका कोविडमध्ये गेले. पाचवे आले नाहीत, कारण ॲम्प्लिफायर आपलाच होता हे त्यांचं म्हणणं अजून कायम आहे. आमच्या पुढच्या खोलीत, शेजारच्या टीव्हीच्या आवाजात, तुम्ही ते बेल्जियमचं गाणं वाजवलंत. खरं सांगू? वाईट वाजवलंत. गिटारची एक तार उतरलेली, बाबा लयीत मागे. पण शेवटचा कोरस आला आणि तिघांनीही तो संपवायचं नावच घेतलं नाही. आई दोनदा चहा घेऊन आली, दोनदा आत गेली. व्हायोलिनच्या जागी हार्मोनियमवर बाबांनी जे काही केलं ते मी याआधी त्यांच्याकडून ऐकलं नव्हतं. त्यात सवयीप्रमाणे भजनाची जागाही आलीच.

बाबा यावर अजून एक शब्द बोललेले नाहीत. पण तुम्ही गेल्यावर त्यांनी भात्याला नवं चामडं लावलं.

काका, तुम्ही मला रविवारचं जेवण दिलंत, डचच्या परीक्षेला क्रियापदं पाठ करून घेतलीत, फ्लेमिश भाषेत काउबॉय गाणी म्हणून पुढे 1961 साली अख्खं करमणूक उद्यान काढणाऱ्या बोबेयान स्खूपन यांची गाणी माझ्या इच्छेविरुद्ध तासन्‌तास ऐकवलीत. त्या सगळ्याचे आभार आहेतच (बोबेयान सोडून). पण हे पत्र त्या शुक्रवारच्या बाजारातल्या खोक्यासाठी आहे, आणि अबोला असतानाही त्यातली तबकडी बेळगावला पोचवल्याबद्दल.

तबकडी आता माझ्याकडे ल्यूव्हनला आहे, कडेला जरा चरा गेलाय. येत्या रविवारी घेऊन येते. तुमच्या प्लेअरची सुई बदलून ठेवा. आईनं कुंदा पाठवलाय, त्याबरोबर एक निरोपही आहे. पाचव्या काकांनी बाबांना फोन करून विचारलं म्हणे, "गिटारवाला पुन्हा कधी येणार हाय?" ॲम्प्लिफायर चालू आहे का, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही.

तुमची,
हार्मोनियमवाल्याची मुलगी