काकूंच्या तोंडाची निगा

सातारा
१८ जानेवारी

प्रिय सुधीर,

तुझं पत्र परवा मिळालं. काकूंच्या अंगावरून वारं गेल्याचं फोनवर कळलं होतंच, पण दोन महिन्यांत दुसऱ्यांदा छातीत कफ भरून त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं, हे वाचून जीव कासावीस झाला. खोलीतल्या गारठ्याबद्दल, वाफाऱ्याबद्दल तू सगळं लिहिलंस. मला विचारायचंय ते वेगळंच. काकूंचं तोंड कोण साफ करतं? आणि कसं?

मागच्या हिवाळ्यात अण्णांना फ्लू झाला, त्याचा न्यूमोनिया झाला आणि नऊ दिवस ते ॲडमिट होते. सलाईन, ऑक्सिजन, नेब्युलायझर, सगळं वेळच्या वेळी. आठव्या दिवशी संध्याकाळी त्यांना पाणी पाजायला वाकलो आणि भपकारा आला. वरची कवळी ॲडमिट केल्यापासून तोंडातच होती! बोट घालून काढली तर टाळूपासून सुटेना. आतून पांढुरका, बुळबुळीत थर, आणि टाळू लालभडक. चार्टवर प्रत्येक गोळीची वेळ होती, तोंड धुण्याची नव्हती. आणि उशाशी बसून राहिलेल्या मलाही ते सुचलं नाही, याचं आजही वाईट वाटतं.

अण्णांचा न्यूमोनिया कवळीमुळेच चिघळला, असं मी म्हणणार नाही. पण त्या रात्री डॉक्टरबाईंनी समजावलं ते डोक्यातून जात नाही. झोपेत थोडी लाळ आपल्यापैकी अनेकांच्या श्वासनलिकेत उतरते. धडधाकट माणसाची फुप्फुसं ती निस्तरतात. अंथरुणाला खिळलेल्याचा ठसका क्षीण असतो, गिळणं बिघडलेलं असतं, आणि लाळेबरोबर दातांवरच्या थरातले जंतूही खाली जातात. विषाणूने आधीच सोललेल्या फुप्फुसात त्यांना आयतीच जागा मिळते. १९१८ च्या साथीत, आपल्याकडच्या मानमोडीत, बहुतेक माणसं दगावली ती फ्लूच्या मागून आलेल्या जिवाणूंच्या न्यूमोनियाने. आणि ते जिवाणू नाकाघशात एरवीही वस्तीला असणारेच होते.

जपानमधल्या ११ वृद्धाश्रमांत दोन वर्षं एक साधा प्रयोग केला, १९९९ मध्ये तो छापून आला. काही जणांचं तोंड प्रत्येक जेवणानंतर कुणीतरी घासून द्यायचं, बाकीच्यांचं नेहमीसारखं चालू. नेहमीसारखं चाललेल्यांत शंभरातल्या १९ जणांना न्यूमोनिया झाला, घासून दिलेल्यांत ११ जणांना. एका ब्रशने एवढा फरक, सुधीर! जपानमधल्याच दुसऱ्या एका पाहणीत पंच्याऐंशीच्या पुढच्या ५२४ जणांत कवळी घालून झोपणाऱ्यांना न्यूमोनियाचा धोका दुप्पट निघाला. कोरोनातही कतारमध्ये ५६८ रुग्ण तपासले, तर हिरड्यांचा आजार असलेल्यांवर आयसीयूची वेळ साडेतीन पटीने जास्त आलेली. त्यावरून हिरड्यांनीच आजार वाढवला असं ठरत नाही, पण दुर्लक्ष करण्याजोगंही ते नाही.

तर आता काकूंचं. आधी त्यांना टेकून बसव, हनुवटी जरा खाली. बसवत नसेल तर कुशीवर वळव. उताणं ठेवून तोंडात पाणी मुळीच ओतू नकोस, ते सरळ छातीत जाईल. लहान मुलांचा मऊ ब्रश घे, पेस्ट वाटाण्याएवढी, आणि निघालेला फेस ओल्या गॉझने टिपत राहा. जीभ आणि टाळूही पूस. ज्या बाजूची ताकद गेली आहे तिकडच्या गालात बोट फिरवून बघ. भाताची शितं तिथे तासन्‌तास अडकून राहतात आणि त्यांना ती जाणवतही नाहीत. नुसत्या माउथवॉशवर विसंबू नकोस, थर घासूनच निघतो. खालची कवळी रात्री काढायची, ब्रशने घासायची आणि पाण्यात ठेवायची. त्या मशेरी मागतील, जन्माची सवय आहे. वाईट वाटलं तरी देऊ नकोस. हिरड्यांतून रक्त आलं की लोक ब्रश बंद करतात. तू हलक्या हाताने चालूच ठेव आणि दातांच्या डॉक्टरांना घरी बोलावता येतं का बघ.

सकाळची बाई हे करायला कंटाळेल, माझा अनुभव आहे. पहिले आठ दिवस तू स्वतः कर, तिला शेजारी उभी कर. अण्णा सुरुवातीला दात आवळून धरायचे, मग मी गालावरून हळूहळू हात फिरवत त्यांच्याशी बोलायचो आणि तोंड आपोआप सैल व्हायचं. काकूंशी तू गावाकडच्या गप्पा काढ.

रविवारी सकाळच्या गाडीने येतोय. कवळीसाठी झाकणाचा डबा आणि दोन मऊ ब्रश घेऊन येईन, तू आणू नकोस. संध्याकाळचं तोंड मी साफ करतो, तू फक्त बघ. काकूंना माझा नमस्कार सांग.

तुझा,
विनय