बाबा, येताना टेप घेऊन या

पुणे, रविवार

तीर्थरूप बाबा आणि आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर बाबांच्या चालण्याचा विषय निघाला की बाबा "बरं चाललंय" म्हणून फोन आईच्या हातात देतात, आणि आई स्वयंपाकघरात जाऊन हळू आवाजात बोलते. म्हणून पत्र लिहितेय. बाबा, तुम्ही नोकरीभर लोकांच्या अर्जांवर शेरे मारलेत, या कागदावरही मारा. फक्त शेवटपर्यंत वाचल्यावर मारा.

आधी माझी चूक. पाडव्याला आई ओवाळणार म्हणून तुम्ही देवघराकडे निघालात आणि उंबरठ्यापाशी थांबलात. मला वाटलं, काहीतरी विसरलं असेल. खाली पाहिलं तर टाचा उचलत होत्या, पण पाऊल काही सुटत नव्हतं. मग सुटलं ते वीतभर, पुन्हा वीतभर, स्लिपर फरशीला घासत. ओवाळून झाल्यावर खुर्चीतून उठून मागे वळायला तुम्ही दहा-बारा पावलं घेतलीत, घड्याळाचा काटा सरकावा तशी. आणि मी काय म्हणाले? "बाबा, जरा पाय उचलून चाला की!" आई म्हणाली, "रोज तेच सांगते, ऐकतील तर शपथ." तुम्ही काही बोलला नाहीत, वर्तमानपत्र उघडून बसलात. त्या गप्प बसण्याची मला अजून लाज वाटते.

त्या दिवशी दादाने मोबाइलवर तुमची चाल टिपून ठेवली होती, तीच मी इथल्या न्यूरॉलॉजिस्टना दाखवली. सव्वा मिनिटाचा व्हिडिओ त्यांनी तीनदा पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला तो पायांबद्दल नव्हताच. म्हणाले, "लघवीला घाई होते का? कपडे ओले होतात का?" मला उत्तर माहीत नव्हतं. रात्री आईला विचारलं तर ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, गादीवर जुन्या धोतराच्या घड्या घालते, पहाटे मोलकरीण यायच्या आत धुऊन टाकते. बाबा, आईने सांगितलं म्हणून तिच्यावर रागावू नका. तिने सांगितलं नसतं तर डॉक्टरांनी एमआरआयसुद्धा एवढ्या लगेच लिहून दिला नसता.

जानेवारीत तुम्ही आलात तेव्हाचा तो प्रकार आठवतो ना? टेबलावर आडवं करून डॉक्टर म्हणाले, "काका, हवेत सायकल चालवा." तुम्ही अशी चालवलीत की कालव्याच्या भरावावरून पाहणीला निघालाय असं वाटावं. मग उभं केलं आणि "चला" म्हणाले, तर पाय जमिनीला चिकटलेले. तुम्ही गाडीत हसत होतात, "बघ, पायात काही दोष नाही." खरंच नाही. गुडघा थोडा झिजलाय, पण एवढ्या चालीचा दोष त्याच्या माथी मारता येत नाही. पायात ताकद आहे, चालायचा हुकूम मात्र वरून नीट येत नाही. गावाकडे आपल्याला दोन वर्षं "वय झालं" ऐकवलं, मग पार्किन्सनच्या (कंपवाताच्या) गोळ्या दिल्या. आठ महिन्यांत त्यांनी काडीचा फरक पडला नाही. पार्किन्सनमध्ये चालताना हात सहसा हलेनासे होतात आणि दोन्ही पाय एकमेकांजवळ पडतात. तुमचे हात व्यवस्थित हलतात. पाय मात्र फाकलेले आणि चवडे बाहेर वळलेले. (गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका हं. डॉक्टर सांगतील तशाच कमी करायच्या.)

आता आजाराचं नाव: नॉर्मल प्रेशर हायड्रोसिफॅलस. डॉक्टरांनी समजावलं तेव्हा तुम्ही मान हलवत होतात, पण तुमचं लक्ष खिडकीबाहेर होतं. तुमच्या कालव्या-धरणांच्या भाषेत सांगते. मेंदूच्या आत पोकळ्या असतात, त्यांत पाणी असतं. रोजची आवक साधारण ५०० मिलिलिटर, आणि एका वेळचा साठा फक्त १५० च्या आसपास. म्हणजे दिवसातून तीनदा सगळं पाणी बदलतं. एवढं पाणी रोज रक्तात परत जायला हवं. ते जाणं मंदावलं की जलाशयात जे होतं तेच होतं, फुगवटा वाढतो. गंमत अशी की सुईने दाब मोजला तर गेज ठीकच दाखवतं, म्हणून नावात 'नॉर्मल'. पोकळ्या मात्र रुंदावलेल्या असतात. पायांकडे जाणाऱ्या तारा याच पोकळ्यांच्या कडेने उतरतात, त्या ताणल्या जातात, असं डॉक्टर म्हणाले. नेमकं बिघडतं काय, यावर तज्ज्ञांचं अजून एकमत नाही. पण क्रम बहुधा ठरलेला: आधी चाल, मग लघवी आणि विसरभोळेपणा. गेल्या महिन्यात पेन्शनची पावती तुम्ही दोनदा शोधलीत, ती खिशातच होती. मी तेव्हा हसले होते.

तुम्ही विचारलं होतंत, "म्हातारपणी मेंदू आकसतोच, मग पोकळी मोठी दिसणारच, हे कशावरून वेगळं?" प्रश्न बरोबर आहे आणि डॉक्टरही त्यावर खूश झाले होते. पोकळीच्या पुढच्या टोकांची रुंदी भागिले कवटीची आतली रुंदी, हे गुणोत्तर ०.३ च्या वर गेलं की पोकळ्या फुगल्या म्हणतात. तुमचं ०.३६ आहे. नुसतं आकसणं असतं तर मेंदूच्या वरच्या घड्याही सैल दिसल्या असत्या. तुमच्या फिल्मवर त्या माथ्याखाली दाटून बसल्यात. तरी फिल्मवर निकाल लागत नाही, म्हणूनच पुढची तपासणी.

हा आजार पहिल्यांदा ओळखला तो कोलंबियातल्या बोगोटा शहरातल्या सालोमोन हाकीम या न्यूरोसर्जनने. अपघातानंतर निपचित पडलेल्या १६ वर्षांच्या मुलाचं थोडं पाणी काढलं आणि तो बोलू लागला. पुढे बोस्टनचे न्यूरॉलॉजिस्ट रेमंड अॅडम्स यांच्यासोबत १९६५ साली त्यांनी हे छापलं.

तर बाबा, तुम्ही "डोक्यात नळी घालून घ्यायची नाही" म्हणून फलटणला निघून गेलात. नळीचं आत्ता कोणी बोलतच नाहीये. आत्ता एवढंच: कुशीवर झोपायचं, कमरेत भूल द्यायची, बारीक सुईने ३० ते ५० मिलिलिटर पाणी काढायचं. आपला अर्धा कप चहासुद्धा त्याहून जास्त असतो. आधी तुमची चाल मोजतील, मग काही तासांनी पुन्हा, दुसऱ्या दिवशी पुन्हा. खुर्चीतून उठायचं, तीन मीटर जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. सेकंद मोजतील, वळताना किती पावलं पडली ते मोजतील. नंतर डोकं दुखू शकतं, तेव्हा पडून राहायचं. तुमची रक्त पातळ करायची गोळी सुरू आहे हे मी त्यांना सांगितलंय. ती कधी बंद करायची ते तेच कळवतील, तोवर घेत राहा.

पाणी काढून चाल सुधारली तर नळीचा विचार. नाही सुधारली तरी आजार नाहीच असं ठरत नाही. मग दोन-तीन दिवस कमरेतून थेंब थेंब पाणी काढून पाहतात.

आणि नळीबद्दलही खरं तेच सांगते, कारण नंतर तुम्ही म्हणाल पोरीने फसवलं. ती मेंदूतल्या पोकळीतून कातडीखालून पोटात जाते. म्हणजे सांडवाच, वर झडप. ती झडप बाहेरून चुंबकाने कमी-जास्त करता येते. २०२५ मध्ये ९९ रुग्णांवरचा एक अभ्यास आला. आधी पाणी काढून ज्यांची चाल सुधारली होती असेच लोक त्यात घेतले. नळी सगळ्यांना बसवली, पण निम्म्यांची झडप जवळजवळ बंद ठेवली, कोणाची बंद ते त्यांना न सांगता. तीन महिन्यांनी उघड्या झडपेवाल्यांचा वेग सेकंदाला साधारण २३ सेंटिमीटरने वाढला, बंदवाल्यांचा जेमतेम ३. पडण्याचं प्रमाणही कमी झालं. पण पाणी जास्त वाहून डोकं दुखणं आणि मेंदूच्या आवरणाखाली रक्त साचणं, हे उघड्या झडपेवाल्यांत जास्त दिसलं. नळी तुंबते, जंतुसंसर्ग होतो, हेही आहेच. सुधारते ती मुख्यतः चाल. स्मरणशक्तीची खात्री तेवढी कोणी देत नाही. हे सगळं ऐकून तुम्ही नको म्हणालात तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही. पण अर्धा कप पाण्यालाही नको म्हणालात तर मात्र मी भांडणार.

आई, आता तुझ्यासाठी. "पाय उचला" म्हणणं आजपासून बंद, मीही बंद केलंय. त्यांना हाताला धरून ओढू नकोस, शेजारी थांब. वळायचं ते जागच्या जागी नको, मोठा फेरा घेऊन वळू देत. बाथरूमसमोरचं ते गोधडीचं पायपुसणं काढून टाक, तू स्वतः शिवलंयस हे माहीत आहे, तरी काढ. न्हाणीघरात आणि संडासात पकडायला दांडा बसवायला दादा शनिवारी येतोय. स्लिपरऐवजी मागून पट्टा असलेल्या चपला. दर दोन तासांनी लघवीला जायची आठवण कर, पण पाणी पिणं तोडू नका दोघांनी मिळून. आणि धोतराच्या घड्या धुवायला एकटीने पहाटे उठू नकोस. मी पिशवीभर पॅड पाठवतेय.

तारीख पुढच्या गुरुवारची मिळाली आहे. बुधवारी दुपारी दादा गाडी घेऊन येईल. जुने सीटी, एमआरआयच्या फिल्म आणि गोळ्यांचा डबा आणा. बाबा, तुमची ती चामड्याच्या डबीतली मोजायची टेपही आणा. तिथे खुर्चीपुढे तीन मीटरवर फरशीला चिकटपट्टी लावलेली असते. दुसऱ्याने मोजलेल्या अंतरावर तुमचा विश्वास नसतो, तेव्हा आधी ते तुम्हीच मोजून घ्या. टेपचं दुसरं टोक मी धरते.

तुमची,
धाकटी