सावंतवाडीच्या चितार आळीतल्या काकांना, नाताळाच्या निमित्ताने

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

त्या दिवशी तुम्ही मला तुमच्या लाकडी वस्तूंच्या दुकानातली एकही वस्तू विकली नाहीत. त्याबद्दल हे आभार आहेत. पत्र सगळ्यांना वाचता यावं असं मुद्दाम लिहिते आहे, कारण नाताळाच्या तोंडावर माझ्यासारखे किती जण हातात यादी घेऊन सावंतवाडीच्या बाजारात फिरत असतात, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

मी वेंगुर्ल्याची. माझा थोरला भाऊ दुबईला, मधला मुंबईला, आणि आईपाशी मी. दोघेही नाताळाला आठवडाभर घरी येतात. देवाच्या दयेने दोघांचं उत्तम चाललं आहे आणि नेमका तिथेच माझा प्रश्न सुरू होतो. घड्याळ द्यावं तर त्याच्या हातात आधीच त्याहून चांगलं असतं. शर्ट घ्यावा तर माप आणि आवड दोन्ही बदललेली. आईचं तर विचारूच नका. मुलांनी आणलेली अत्तरं, डिनर सेट, शाली सगळं कपाटात वेष्टनासकट जपून ठेवलेलं आहे. ‘वापर गो’ म्हटलं की म्हणते, ‘चांगलं आहे, राहू दे.’

तुम्ही मला बसायला स्टूल दिलंत. मी लाकडी फळांच्या टोपल्या बघत होते, लाखेचे रंग इतके तेजदार की हात आपोआप पुढे जात होता. किंमत विचारली तेव्हा तुम्ही किंमत सांगितलीच नाहीत. उलट मलाच विचारलंत, ‘बाये, कोणाक देवचा आसा?’ मी सगळं सांगितलं. त्यावर तुम्ही म्हणालात, ‘त्येंका काय व्हया ता सांगू नको. घराक इले काय ते खय बसतत, ता सांग.’

असं मला कोणी विचारलं नव्हतं. दुकानदार बजेट विचारतो, मैत्रिणी आवडनिवड विचारतात. मी विचार करून सांगितलं, की एक जण पडवीच्या झोपाळ्यावर, एक माडाखाली खुर्ची टाकून, आणि मी चुलीपाशी. दोघांच्याही हातात फोन. जेवायला तेवढे एकत्र येतो. तुम्ही पुढे विचारलंत, ‘तू धरून भावंडां किती?’ मी म्हटलं तीन. ‘मगे झाला! गंजिफेक तीनच माणसां लागतत.’ गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पानांचा जुना पत्त्यांचा खेळ.

आणि मग तुम्ही म्हणालात की चांगली गंजिफा हवी तर राजवाड्यात जा. समोर बसलेलं गिऱ्हाईक तुम्ही राजवाड्यासमोरच्या मोती तलावाकडे पाठवलंत. सीझनचे दिवस, गोव्याला जाणारे पर्यटक रस्त्यावर गाड्या लावून खरेदी करत होते, आणि तुम्ही माझ्यासाठी तासभर खर्च केलात, तोही दुसऱ्याच्या मालासाठी.

त्या तासात तुम्ही जे सांगितलंत ते इथे लिहिते, म्हणजे वाचणाऱ्यांनाही उपयोग होईल. दशावतारी गंजिफेत १२० गोल पानं असतात. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात १२ पानं: राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत. तिघांना प्रत्येकी ४० पानं वाटायची. हुकूम नाही, जोडीदार नाही, प्रत्येक जण आपापला. त्यामुळे कोणतं पान पडून गेलं ते डोक्यात ठेवावं लागतं. पहिल्या पाच अवतारांत दश्शी मोठी आणि एक्का लहान, पुढच्या पाचांत बरोबर उलट. डाव दिवसा असेल तर ज्याच्याकडे राम त्याने सुरुवात करायची, रात्री असेल तर ज्याच्याकडे कृष्ण त्याने. पूर्वी कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून पानं करत, हेही तुम्हीच सांगितलंत. १९७०च्या दशकात सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी लक्ष घातलं नसतं तर ही कला आपल्या गावातूनच गेली असती, हे सांगताना तुमचा आवाज जड झाला होता. राजवाड्यात मान खाली घालून बारीक कुंचल्याने पानं रंगवणारे कारागीर पाहिले तेव्हा मला त्याचं कारण समजलं.

नियम विसरेन म्हणून तुम्ही ते माझ्या वहीत लिहून दिलेत. ते पान मी गंजिफेच्या डबीत ठेवलं आहे.

आईसाठी मात्र तुम्ही वेगळाच मार्ग दाखवलात. ‘तिच्याकडे जा आसा ताच घेवन ये.’ म्हणजे तिच्याकडे जे आहे तेच. मी पुढच्या खेपेला तिचा पोळपाट आणला. लग्नापासूनचा, नेवऱ्या म्हणजे नाताळच्या करंज्या लाटून लाटून मध्ये खोलगट झालेला, एका बाजूची कड उडालेली. नवा घ्यायचं नाव काढलं की तिला राग येतो. तुम्ही तो घासून सपाट केलात, आणि लेथवर चढवून फक्त कडेला लाख दिलीत. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेनेच ती वितळून लाकडात बसते, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. लाल पट्टी, तिच्या आत पिवळी. मधल्या भागाला तुम्ही लाखेचा हात लागू दिला नाहीत, ‘पीठ लागता थय लाकूडच व्हया’ म्हणून. मजुरी घेतलीत ती इतकी कमी, की मी दोनदा विचारलं.

तो पोळपाट कपाटात गेला नाही, काका. तेवीस तारखेला आईने त्याच्यावर नेवऱ्या केल्या, आणि शेजारच्या प्रत्येकीला तो उलटा करून, कड दाखवून झाला. दोदोल, म्हणजे नारळाच्या रसाची आणि गुळाची मिठाई, घोटायला बसलेल्या मावशीलाही चूल सोडून बघायला यावं लागलं, आणि माडाचा गूळ खाली लागतो की काय म्हणून आम्हीच धावलो.

गंजिफा मी पंचवीसला जेवणानंतर काढली. चर्चमधला रात्रीचा मिस्सा, मग सकाळपासून पाहुणे, सगळे पेंगुळलेले. थोरल्याने पानं हातात घेतली आणि एकेक अवतार ओळखायला लागला. आम्ही ख्रिस्ती असलो तरी दहीकाल्याच्या जत्रेला रात्रभर दशावतारी नाटकं बघत मोठे झालो आहोत. त्यातला राक्षस संकासुर स्टेजवर आला की मधला भाऊ माझ्या मागे लपायचा. वराह कुठला, वामन कुठला, हे आम्हांला कोणी शिकवावं लागलं नाही. पहिला डाव नियम वाचण्यातच गेला. दुसऱ्यात मधल्याने लबाडी केली आणि पकडला गेला. मग तिघेही खाली चटईवर, पाय पसरून.

भांडण झालं ते संध्याकाळी. थोरल्याकडे राम होता आणि माझ्याकडे कृष्ण. तो म्हणे सूर्य अजून समुद्रावर दिसतो आहे, मी म्हटलं दिवे लागले, येशूजन्माच्या देखाव्यातलं गोठ्यावरचं नक्षत्रही पेटलं, आता रात्र. शेवटी मधल्याला माडाच्या पलीकडे जाऊन बघून यायला पाठवलं. फोन कुठे होते ते मला माहीत नाही. रात्री उशिरा एक झोपाळ्यावर सापडला, चार्जिंग संपलेला.

लोक म्हणतात, ज्यांच्याकडे सगळं आहे त्यांना पैशाचं पाकीट द्यावं किंवा त्यांच्या नावाने देणगी द्यावी. देणगी चांगलीच, मी दर वर्षी देते. पण घरी आलेल्या भावाला पाकीट देणं माझ्या जिवावर येतं. त्याला मी अशी वस्तू द्यावी की ती वापरायला त्याला माझी गरज लागेल, आणि मला त्याची, एवढंच मला हवं होतं. ते तुम्हांला माझ्या चार वाक्यांतून कळलं.

दोघे दोन तारखेला निघाले, एक गोव्यातल्या दाबोळीहून विमानाने, एक सावंतवाडी रोड स्टेशनवरून रेल्वेने. गंजिफा कुणी न्यायची यावर वाद झाला आणि ती इथेच राहावी असं ठरलं, कारण दुसरीकडे तिसरं माणूस कुठून आणणार. मधल्या वहिनीने तुमच्या दुकानातली लाकडी फळांची टोपली मागितली आहे, आंबा आणि फणस असलेली, मोठी. ती या वेळी मात्र तुम्हांला विकावीच लागेल. फेब्रुवारीत मी स्वतः येते. आईने दोदोलचा एक डबा तुमच्या नावाने बाजूला काढून ठेवला आहे, तोही घेऊन येईन. काकींना माझा नमस्कार सांगा.

तुमची,
वेंगुर्ल्याची पोळपाटवाली