मे महिन्यात आल्प्सपेक्षा ओव्हेर्न्य बरे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळी सुट्टीतल्या युरोप सहलींचे फलक जळगाव-धुळ्यात झळकू लागले आहेत. बहुतेकांवर चित्र एकच: हिरवे उतार, रानफुले आणि मागे आल्प्सचे पांढरे शिखर. हे दृश्य तिकडे जुलैत दिसते. आपल्याकडची सुट्टी संपते जूनच्या मध्याला. पैसा साठवून जाणाऱ्या कुटुंबांना हा फरक तिथे पोहोचल्यावर कळू नये, म्हणून हे पत्र.

फ्रान्सच्या आल्प्समध्ये मे हा दोन हंगामांमधला रिकामा महिना. स्कीइंग आटोपलेले असते आणि उंचावरच्या पायवाटा अजून मोकळ्या झालेल्या नसतात. तिथल्या शामोनी गावाच्या आसपास साधारण २,००० मीटरच्या वर तेव्हा जुना बर्फ असतो. सकाळी तो टणक, त्यामुळे तिरक्या उतारावर पाय घसरला की माणूस थांबत नाही. दुपारी तोच भुसभुशीत होऊन पाय गुडघ्यापर्यंत आत जातो. त्याखालून ओढा वाहत असेल तर वरचे बर्फाचे छत कोसळते. बरेच रोपवे देखभालीसाठी बंद असतात. मों ब्लां शिखराला वळसा घालून तीन देशांतून जाणाऱ्या सुमारे १७० किलोमीटरच्या वाटेवरचे निवारे बहुतांशी जूनच्या मध्यानंतर उघडतात. मग सहलवाल्यांकडे उरतो एग्वी द्यु मिदी शिखरावरचा रोपवे. शामोनी १,०३५ मीटरवर, वरचे स्थानक ३,७७७ मीटरवर आणि प्रवास जेमतेम वीस मिनिटांचा. दोन-अडीचशे मीटर उंचीवर राहणाऱ्या आपल्या माणसाला वर हवेचा दाब घरच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास मिळतो. डोके ठणकणे, मळमळ, जिना चढताना धाप ही त्याची लक्षणे. त्यावर खात्रीचा उपाय म्हणजे खाली उतरणे. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणि तान्ह्या मुलांना घेऊन कुणीही तिथे जाऊ नये. २,३१७ मीटरवर गाडी बदलावी लागते, तिथे अर्धा तास थांबून मगच पुढे जावे.

मे हाच महिना हाती असेल, तर फ्रान्सच्या मधोमध असलेला ओव्हेर्न्यचा डोंगराळ प्रदेश निवडावा. पॅरिसच्या बेर्सी स्थानकावरून क्लेर्मों-फेरांला रेल्वेने साडेतीन तास लागतात. शहराच्या पश्चिमेला सुमारे ८० निद्रिस्त ज्वालामुखींची रांग आहे. ही रांग आणि तिच्या पायथ्याचा लिमान्य प्रस्तरभंग (भूकवचातली मोठी भेग) मिळून २०१८मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले.

यातला सर्वांत उंच प्युई द दोम, १,४६५ मीटर. आपल्या अस्तंभ्याच्या शिखराहून थोडासाच जास्त. खासगी गाडी वर नेता येत नाही. २०१२पासून दातेरी रुळांची रेल्वे आहे, ती पंधरा मिनिटांत माथ्यावर पोहोचवते. पण पाय धड असतील तर सेसा खिंडीतून खेचरवाल्यांच्या जुन्या नागमोडी वाटेने चढावे. खिंड १,०७८ मीटरवर, म्हणजे चढ चारशे मीटरही नाही. सवयीचा माणूस पाऊण तासात वर जातो, लहान मुले बरोबर असतील तर सव्वा तास धरावा. खिंडीतली गाड्यांची जागा अपुरी आहे, सकाळी लवकर गेलेले बरे. माथ्यावर रोमन काळातल्या मर्क्युरी देवतेच्या मंदिराचे अवशेष आहेत. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना आणखी एक गोष्ट सांगावी. १६४८मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कलच्या मेहुण्याने पाऱ्याची नळी याच डोंगरावर नेली आणि माथ्यावर पाऱ्याची उंची पायथ्यापेक्षा सुमारे आठ सेंटिमीटरने कमी भरली. हवेला वजन असते, हे त्यातून जगाला पटले.

इथे हमखास चूक होते ती कपड्यांची. क्लेर्मोंत ऊन असते म्हणून मंडळी सदऱ्यावर निघतात. माथा शहरापेक्षा हजार-अकराशे मीटर उंच, त्यामुळे पारा सहा-सात अंशांनी खाली असतो. त्यात पश्चिमेचा वारा अडवायला मध्ये काही नाही. स्वेटर, वारा-पाऊस अडवणारे जाकीट आणि कानटोपी हवीच. छत्री निरुपयोगी. धुक्यात माथा अर्धा अर्धा दिवस गडप होतो, म्हणून तिकीट काढण्याआधी माथ्याचा थेट कॅमेरा पाहून घ्यावा. प्रशिक्षित चालकामागे बसून पॅराग्लायडिंग करायचे असेल तर ते पहिल्याच दिवशी ठरवावे. वारा नीट नसला की उड्डाण पुढे ढकलतात. शेवटच्या दिवसावर ठेवले तर ते हुकते.

आमच्या मते खान्देशातल्या माणसाने न चुकवण्याची जागा मात्र प्युई द दोम नव्हे, त्याच्या उत्तरेचा प्युई द पारियु. दोम हा घट्ट लाव्ह्याचा ढिगारा, त्याला तोंडच नाही. पारियुला वाटीसारखे गोल, गवताने मढलेले, नव्वदहून अधिक मीटर खोल विवर आहे. जाऊन-येऊन अडीच-तीन तास पुरतात. वरच्या टप्प्यात लाकडी पायऱ्या आहेत. पाऊस पडून गेल्यावर त्या निसरड्या होतात, पण म्हणून बाजूच्या गवतातून चढू नये. खाली सगळी सुटी ज्वालामुखी खडी आहे. गवताचे मूळ सुटले की पहिल्या सरीत उतार वाहून जातो आणि घळ पडते. याच खडीमुळे गुळगुळीत तळव्याचे बूट चालत नाहीत, घोटा धरणारे खाचदार बूट घ्यावेत आणि ते इथेच महिनाभर वापरून पायाला बसवावेत.

जवळच लांतेजी आहे. हा ज्वालामुखी खडीच्या खाणीने उभा कापला गेला. लाल-काळ्या राखेचे थर आणि लाव्हा वर चढला ती नळी डोळ्यांनी दिसते. ती पाहताना धुळे-नंदुरबार पट्ट्यातल्या शेतांमधून भिंतीसारख्या सरळ गेलेल्या काळ्या दगडाच्या रांगा आठवाव्यात. त्याही लाव्हा भेगांमध्ये गोठून बनलेल्या. फरक वयाचा. आपला काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा, वरचे थर झिजून भिंती उघड्या पडलेल्या. प्युई द दोम जेमतेम अकरा हजार वर्षांचा. पोटातली यंत्रणा तिकडे अजून झाकलेली आहे, आपल्याकडे ती उघडी पडली आहे. दोन्ही पाहिल्यावर भूगोलाचा धडा मुलांना वेगळा शिकवावा लागत नाही. भूगोल शिकवणाऱ्या शिक्षकांनी तरी हा विचार जरूर करावा.

दक्षिणेकडे मात्र मे महिन्यात जपून. सांसी हे १,८८५ मीटरचे शिखर. मों-दोर गावापलीकडून रोपवे आणि पुढे लाकडी पायऱ्या आहेत; पण उत्तरेकडच्या घळींत बर्फ रेंगाळतो, म्हणून धारेवरची लांब फेरी टाळावी. कांताल भागातल्या प्युई मारी शिखराखालची पेरोल खिंड १,५८९ मीटरवर आहे. ती हिवाळाभर बंद असते आणि काही वर्षी मे उजाडला तरी उघडत नाही. निघण्यापूर्वी रस्ता खुला आहे का, हे विचारावे.

वाटांच्या खुणा ध्यानात ठेवल्या तर चुकायला होत नाही. पांढरा-लाल पट्टा म्हणजे लांब पल्ल्याची वाट, पिवळा म्हणजे छोटी स्थानिक फेरी. त्याच रंगांची फुली दिसली की तुम्ही चुकीच्या फाट्यावर आहात, शेवटच्या खुणेपर्यंत मागे फिरा. कुरणांची फाटके उघडलीत तशी लावून घ्या. मेंढ्यांजवळ पांढरा मोठा कुत्रा आला तर पळू नका, काठी उगारू नका, थांबा आणि कळपाला लांबून वळसा घाला.

जेवणाचे सांगायला हवे. दुपारचे स्वयंपाकघर बारा ते दोन, त्यानंतर गावात गरम काही मिळणे कठीण. बटाटा आणि ताज्या चीजचे त्रुफाद सर्वत्र मिळते, पण त्यात किंवा त्याबरोबर डुकराचे मांस असते. ते नको, असे आधीच सांगावे. कांताल, सां-नेक्तेर ही तिथली नामांकित चीज वासराच्या जठरातले विरजण लावून करतात. जैन कुटुंबांनी आणि कडक शाकाहारी माणसांनी हे जाणूनच खावे. घरून तूप, पेढे, खवा नेऊ नये, भारतातून दुधाचे असे पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाहीत. शेंगदाण्याची चटणी आणि कोरड्या भाकऱ्या न्याव्यात. ताज्या फळांना तपासणीचा दाखला लागतो. ज्या मोजक्या पाच फळांना त्यातून सूट आहे, त्यांत आपली केळी आहेत.

अडचण आली तर ११२ फिरवावा. हेलिकॉप्टर दिसले की हौसेने दोन्ही हात हलवू नका. दोन्ही हात वर म्हणजे ‘मदत हवी’, एक वर आणि एक खाली म्हणजे ‘नको’. व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा आरोग्यविमा लागतोच, पण त्यात डोंगरातली चाल आणि पॅराग्लायडिंग धरले आहे का, ते वाचून घ्यावे.

दिवाळीत जाणाऱ्यांसाठी: ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळे एक तास मागे जातात आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. मे महिन्यात तोच रात्री नऊनंतर मावळतो. त्या उजेडाला भुलून माणसे माथ्यावर रेंगाळतात आणि शेवटची रेल्वे निघून जाते. चढण्यापूर्वी परतीची वेळ कागदावर टिपून खिशात ठेवावी आणि विजेरी सोबत असू द्यावी.

आपले,
डोंगरवाटांचे काही अभ्यासक वाचक, धुळे