डाळिंबाचा एकच दाणा

संपादक महोदय,

ग्रीकांची धान्यदेवी डिमिटर आणि तिची कन्या पर्सेफनी यांची कथा सांगताना ‘डाळिंबाचे सहा दाणे खाल्ले, म्हणून सहा महिने पाताळात’ असा हिशोब सर्रास दिला जातो. डिमिटरच्या प्राचीन स्तोत्रात तो नाही. सुमारे 495 ओळींच्या त्या काव्यात पाताळाचा राजा हेडीस पर्सेफनीला डाळिंबाचा एकच दाणा भरवतो आणि तिला वर्षाचा एक तृतीयांश काळ पाताळात राहावे लागते. उरलेले दोन भाग ती आईजवळ असते. पुढे रोमन कवी ओव्हिड एका काव्यात सात, तर दुसऱ्यात तीन दाणे सांगतो.

दाण्यांच्या मोजदादीत आईचा कोप मात्र झाकला जातो, आणि खरे काव्य तिथेच आहे. हेडीसने केलेल्या पर्सेफनीच्या अपहरणाला खुद्द देवराज झ्यूसची संमती असते. डिमिटर नऊ दिवस अन्नपाण्याविना, मशाली घेऊन मुलीला शोधते. एल्युसिस या गावी म्हातारीच्या रूपात आल्यावर ती मद्य नाकारते. पाणी, जवाचा भरडा आणि रानपुदिना यांचे पेय मागते. शेवटी ती पेरलेले बी जमिनीतच दडवून ठेवते. माणसे उपाशी मेली तर देवांना हविर्भाग कोण देणार? या एका पेचाने झ्यूस नमतो. इतका थेट, इतका शेतीशी बांधलेला सूड मला तरी ग्रीक काव्यात विलक्षण वाटतो.

या स्तोत्राचे हस्तलिखित 1777 मध्ये मॉस्कोत सापडले. आज ते नेदरलँड्समधील लायडनला आहे. मुलांसाठी कथा लिहिणाऱ्यांनी निदान दाण्याचा आकडा तरी मूळ स्तोत्रातून घ्यावा.

— एक वाचक