बिटाची कल्हई

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

दुरुस्तीच्या बाकावरची आमची सोल्डरिंग आयर्नची बिटं, म्हणजे तापणारी टोकं, महिना काढत नव्हती. तुम्ही एक दुपार आमच्यासाठी खर्च केलीत आणि आता तीच बिटं टिकतायत. हे पत्र उघडपणे लिहितोय, कारण हाको 936 या सोल्डरिंग स्टेशनच्या नकला पुण्याच्या तपकीर गल्लीपासून तालुक्याच्या मोबाईल दुकानापर्यंत सगळीकडे पोहोचल्यात आणि त्यांच्यासोबत आमच्याच चुकाही.

सगळ्यात आधी आभार एका शब्दाचे: कल्हई. ‘टिनिंग कर, टिनिंग कर’ (म्हणजे टोकावर सोल्डरचा थर चढव) असं कितीही ऐकलं तरी जे डोक्यात शिरत नाही, ते तांब्याच्या पातेल्याचं नाव काढल्यावर शिरलं. कल्हईवाला भांडं तापवतो, नवसागराने मळ काढतो, कथील टाकतो आणि कापसाच्या बोळ्याने ते सगळीकडे पसरवतो. कथलाचा थर बसला की खालच्या तांब्याला हवा लागत नाही. बिटाचंही तेच. आत तांबं, त्यावर लोखंडाचा मुलामा, आणि टोक सोडून मागे क्रोम. क्रोमला सोल्डर (जोडासाठी वितळवायचा मिश्रधातू) धरत नाही, म्हणून ते टोकावरच राहतं, दांड्यावर चढत नाही. टोकावरचं लोखंड मात्र उघडं पडलं की साडेतीनशे अंशांना हवेतच काळं पडायला लागतं. त्या काळ्या थरावर सोल्डर गोळी होऊन घरंगळतं, उष्णता पुढे जात नाही. मग हात तापमानाच्या नॉबकडे जातो: 380, 420, 450. बिट आणखी लवकर काळं! काम करून झिजण्यापेक्षा स्टँडमध्ये कोरडी बसून मरणारी बिटं जास्त, हे तुम्ही आमच्या डब्यातलीच बिटं काढून दाखवलंत.

उपमा कुठे थांबवायची तेही सांगितलंत म्हणून बरं झालं. नवसागर बिटाला लावायचा नाही, कानस तर अजिबात नाही. साध्या तांब्याच्या जुन्या बिटाला कानशीने नवं टोक काढता यायचं, कारण त्याला मुलामाच नव्हता. मुलाम्याचं बिट कानशीने घासलं आणि आतलं तांबं उघडं पडलं, की वितळलेलं कथील ते भराभर विरघळवून खातं. तुम्ही भिंगाखाली धरलेलं ते टोक अजून डोळ्यांसमोर आहे: बाजूला मोहरीएवढी खळगी, कडेला लोखंडाची पातळ पापुद्र्यासारखी भिंत आणि आत पोकळ. किडलेली दाढच. अशा बिटाला उपाय नाही, ते टाकायचं. शिसंविरहित सोल्डरमध्ये कथील खूप जास्त असतं आणि तापमानही वर ठेवावं लागतं, त्यामुळे त्यावर काम करणारं बिट तुलनेने लवकर खलास होतं, हा खुलासाही तेव्हाच झाला.

हाताची सवय बदलायला वेळ लागला. बिट पुसायचं ते स्टँडमधून उचलल्यावर, जोडाला लावायच्या आधी. ठेवताना पुसायचं नाही, उलट थोडं ताजं सोल्डर लावून ठेवायचं. स्टेशन बंद करताना तर टोक पूर्ण झाकेल एवढा गोळा चढवायचा आणि तसाच गार होऊ द्यायचा. दहा मिनिटांपेक्षा जास्त उठायचं असेल तर नॉब 200 वर, नाहीतर सरळ बंद. सिरॅमिक हीटर पुन्हा तापायला फार वेळ घेत नाही, एवढ्यासाठी बिट जाळण्यात काही अर्थ नाही.

तापमानाबद्दलचा आमचा गैरसमज तर मोठाच होता. 63/37 सोल्डर (63 टक्के कथील, 37 टक्के शिसं) 183 अंशांना वितळतं, 60/40 त्याच्या थोडं वर. शिसंविरहित सॅक305 ला (कथील, चांदी आणि तांब्याचं मिश्रण) 217 ते 220 लागतात. म्हणजे शिशाच्या सोल्डरला 320 ते 340 आणि सॅकला 350 ते 370 भरपूर झाले. एवढ्यावर जोड दोन-तीन सेकंदांत व्हायला हवा. होत नसेल तर नॉबला हात न लावता बिट बदलायचं. पेन्सिलीसारखं टोकदार बिट पॅडला जेमतेम एका बिंदूत टेकतं, म्हणून ग्राउंड प्लेनवरचा (बोर्डावरच्या तांब्याच्या रुंद थराला जोडलेला) पाय त्याने तापतच नाही आणि ड्राय सोल्डर, म्हणजे कच्चा जोड, राहतं. 2.4 मिलिमीटरचं चपटं बिट, म्हणजे 900एम-टी-2.4डी, त्याच तापमानाला तो जोड सहज करतं. स्टेशनसोबत डब्यात ते टोकदार बिटच का देतात, देव जाणे.

काळं पडलेलं बिट परत आणायची तुमची रीत इथे लिहून ठेवतो. थंड टोकाला रोझिनवाली (आत राळेचा फ्लक्स असलेली), एक मिलिमीटरची सोल्डर वायर तीन-चार वेढे गुंडाळायची आणि मग स्टेशन चालू करून नॉब 280 च्या आसपास ठेवायचा. सोल्डर पातळ होतानाच रोझिन काळ्या थरावर काम करतो. आधीच 400 वर तापवलेल्या बिटावर तो नुसता धूर होऊन उडतो. मग पितळी तारेच्या घासणीत दोन-तीनदा खुपसायचं, नवं सोल्डर लावायचं, पुन्हा खुपसायचं. चार-पाच फेऱ्यांत चांदीसारखी चकाकी येऊ लागते. नाहीच आली तर टिप टिनरची डबी. त्यात कथलाची भुकटी आणि आम्लधर्मी फॉस्फेट असतं, म्हणून बिट दोन सेकंद फिरवून लगेच पुसायचं आणि ताजं सोल्डर चढवायचं. रोज वापरायची ती वस्तू नाही.

स्पंजाबाबत मात्र तुमच्याशी अजून जमत नाही, सर. तुम्ही तो बाकावरून हद्दपार केलात. आम्ही एक ठेवलाय. बारीक पायांच्या आयसीसाठी टोक जितकं स्वच्छ लागतं, तितकं घासणीने होत नाही. फक्त तो ओला-गच्च नसतो, पिळून नुसता दमट ठेवतो, म्हणजे टोक एकदम गार पडत नाही. पाणी बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर. बोअरच्या पाण्याचा क्षार बिटावर बसतो. आणि भांडी घासायचा स्पंज वापरू नये, तो वितळून टोकाला चिकटतो.

हीटर तपासणं तुम्ही मल्टिमीटर हातात देऊन शिकवलंत, त्याचे वेगळे आभार. हँडल पूर्ण गार होऊ द्यायचं, मग 936 च्या प्लगवर मोजायचं: हीटर 2.5 ते 3.5 ओहम, सेन्सर 43 ते 58 ओहम. हा झाला ए1321 नंबरचा हीटर. दिसायला अगदी तसाच असलेला ए1322 मात्र थर्मोकपलचा (दोन धातूंच्या जोडावर तापमान ओळखणाऱ्या सेन्सरचा), त्याच्या सेन्सरचा रोध जेमतेम एक-दोन ओहम येतो. तो चुकून 936 मध्ये बसला तर एवढा कमी रोध पाहून स्टेशनला वाटतं, बिट गारच आहे, आणि ते थांबतच नाही. हीटर घेताना दुकानातच मीटर लावायचा, तो एवढ्याचसाठी.

बिटाचं नट पक्कडीने आवळायचं नाही, हाताने पुरतं. चिकटलेलं सोल्डर झटकायला हँडल बाकावर आपटायचं नाही. सिरॅमिक कांडी आत तुटते आणि वरून काहीच दिसत नाही. आठवड्याला एकदा, गार असताना, बिट काढून आतली काळी भुकटी ठोकून पाडायची, नाहीतर बिट हीटरला धरून बसतं. नकली बिटाचं आतलं भोक सैल असलं की हीटर आणि बिटात हवा राहते आणि नॉबवरचा आकडा खोटा पडतो. म्हणून बिट बदललं की नॉब 400 वर, तापमान स्थिर झालं की टिप थर्मामीटर, आणि फरक असेल तर स्टेशनवरचा कॅलचा (कॅलिब्रेशनचा) स्क्रू फिरवायचा.

अर्थिंगचं सांगितलंत ते त्याच दिवशी केलं. बिटाचं टोक ते थ्री-पिनची मोठी पिन, यांच्यातला रोध दोन ओहमच्या आत हवा. आमच्या एका एक्स्टेन्शन बोर्डाची अर्थची वायरच जोडलेली नव्हती.

भिंग तुमचं आमच्याकडेच राहिलंय, शनिवारी आणून देतो. खळगीवालं बिट मात्र ठेवून घेतोय. नव्या पोरांना कानस हातात घ्यायच्या आधी ते दाखवतो.

कळावे, लोभ असावा.

आपले,
बाकावरचे सगळे