कडेवरच्या मुलाचा चेहरा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कोवळ्या वयात आईबाप झालेल्या मुलामुलींवरच्या अमेरिकी रिअॅलिटी शोंविषयीचा लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. हा सगळा दुसऱ्याच्या दुःखाचा बाजार आहे, असं म्हणून लेखकाने विषय संपवला आहे. मला तो तसा संपवता येत नाही. मी हे कार्यक्रम पाहिले आहेत. चांगली दोन-तीन वर्षं पाहिले, आणि तेही मुलीला शेजारी बसवून.

'सिक्स्टीन अँड प्रेग्नंट' एमटीव्हीवर जून २००९ मध्ये सुरू झाला. एका भागात एकच मुलगी असायची. पोट दिसू लागल्यापासून बाळ काही महिन्यांचं होईपर्यंतची तिची गोष्ट, तिच्याच आवाजात. मधे वहीत रेघोट्या मारल्यासारखी चित्रं यायची, शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर असतात तशी. त्या चित्रांनीच मला पहिल्यांदा धरून ठेवलं. गोष्ट बाळंतपणाची आणि हस्ताक्षर शाळकरी, हे बघून पोटात तुटायचं. त्याच वर्षी डिसेंबरात पहिल्या सीझनमधल्या चार मुलींना घेऊन 'टीन मॉम' सुरू झाला आणि त्या चौघींचं पुढचं आयुष्य वर्षानुवर्षं पडद्यावर येत राहिलं.

माझी मुलगी तेव्हा पंधरा वर्षांची होती. शरीर, मुलगे, गर्भनिरोधन या विषयांवर आमच्यात एक शब्द निघत नव्हता. मी सुरुवात केली की ती उठून जायची. खरं सांगायचं तर ती उठून गेली की मलाही सुटल्यासारखं वाटायचं. एका भागात एका मुलीने घरी बातमी सांगितली, तेव्हा तिचे वडील काही न बोलता उठून बाहेर गेले. माझ्या मुलीने पडद्यावरची नजर न काढता विचारलं, "आई, मी असं सांगितलं असतं तर तुम्ही दोघांनी काय केलं असतं?" मी खूप वेळ गप्प बसले आणि मग जे सुचलं ते खरं खरं बोलले. त्या रात्री आम्ही एक वाजेपर्यंत बोलत होतो. मी कितीही पुस्तकं आणून ठेवली असती तरी ते झालं नसतं. म्हणून या कार्यक्रमांना सरसकट झोडपणाऱ्याशी मी सहमत होऊ शकत नाही. माझ्यावर त्यांचं ऋण आहे.

हे एकट्या माझ्या घरापुरतं नसावं. मेलिसा कर्नी आणि फिलिप लेव्हिन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये मांडलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा होता की 'सिक्स्टीन अँड प्रेग्नंट' सुरू झाल्यानंतरच्या दीड वर्षात अमेरिकेतल्या किशोरवयीन मातांच्या बाळंतपणांत त्या कार्यक्रमामुळे ५.७ टक्के घट झाली. कार्यक्रम पाहिल्यावर मुली इंटरनेटवर गर्भनिरोधनाची माहिती शोधत होत्या, हेही त्यांनी दाखवलं. पुढे दुसऱ्या अभ्यासकांनी त्यांच्या पद्धतीवर गंभीर आक्षेप घेतले. त्यातही तथ्य वाटतं, कारण हा दर तिथे १९९१ पासूनच उतरत होता आणि २००८ नंतरच्या मंदीने एकूणच जन्म कमी झाले होते. उलट बाजूने, इंडियाना विद्यापीठातल्या संशोधकांना असं दिसलं की हे कार्यक्रम खूप बघणाऱ्या मुलामुलींना अशा आयांचं आयुष्य हेवा वाटण्यासारखं वाटतं: हाताशी पैसा, बाळाचा बाप सोबत. मी पाहिलेल्या रडारडीतून कुणी असा अर्थ काढेल हे मला आधी पटलंच नव्हतं. मग लक्षात आलं की मासिकांच्या मुखपृष्ठांवर त्याच मुली झळकत होत्या. ज्याने मुखपृष्ठ आधी पाहिलं, त्याला बाकीचं कसं दिसणार?

पण मला मुख्यतः सांगायचं आहे ते वेगळंच. हे दोन्ही बाजूंचे अभ्यास, आपल्या पुरवणीतला लेख आणि इतकी वर्षं माझ्या मनात चाललेला वाद, सगळे पाहणाऱ्या मुलीविषयी बोलतात किंवा पडद्यावरच्या आईविषयी. तिच्या कडेवरच्या मुलाविषयी कुणीच बोलत नाही. मीही बोलले नव्हते.

मला ते दिसलं मागच्या वर्षी. माझ्या त्याच मुलीला आता मुलगी झाली आहे. मी हौसेने नातीचा फोटो व्हॉट्सअॅपच्या स्टेटसला ठेवला, तर मुलीचा तासाभरात फोन आला. "आई, तो काढ. ती मोठी होऊ दे, मग तिचं ती ठरवेल." मला लागलं. आजीने नातीचा फोटो ठेवायचा नाही? दोन दिवस मी घुश्शात होते. मग पटलं आणि त्यापाठोपाठ आठवलं की याच मुलीला शेजारी बसवून मी दुसऱ्यांच्या किती बाळांना उघडंवाघडं, आजारी, भेदरलेलं पाहिलं होतं.

बाळाचे पाय पाळण्यात दिसतात असं आपण म्हणतो. ते पाय घरातल्या माणसांनी बघायचे असतात. या बाळांचे पाय लाखो अनोळखी लोकांनी पाहिले. त्यांचे आईबाप एकमेकांवर ओरडले तेही पाहिलं. 'टीन मॉम'मध्ये एका आईने जोडीदाराला मारहाण केल्याचं चित्रण प्रक्षेपित झालं, त्यानंतर पोलिसांनी तपास केला आणि २०१० मध्ये तिच्यावर गुन्हा दाखल झाला. लहानग्या मुलीच्या समोर मारहाण झाली, हा आरोपाचाच भाग होता. मारहाण झाली तेव्हा कॅमेरा चालू होता. नंतर ते संकलकाच्या टेबलावर गेलं, प्रसारणाची तारीख ठरली, आणि एवढ्या प्रवासात ते बाळ कुणाला आडवं आलं नाही. मी तो प्रसंग पाहिला होता आणि मला आईचा राग आला होता. बाळाकडे माझं लक्ष गेल्याचं आठवत नाही.

आईने संमती दिली होती ना, असं कुणी म्हणेल. सोळा वर्षांच्या, पैशाची ओढाताण असलेल्या, घरच्यांशी भांडण झालेल्या मुलीची संमती कितपत मोकळी असते हा प्रश्न आहेच, पण तो घटकाभर बाजूला ठेवू. तिने स्वतःविषयी दिली, असं मानू. बाळाच्या वतीने जन्मभराची संमती कुणी द्यायची? पहिल्या सीझनमधल्या एका जोडप्याने आपली मुलगी दत्तक दिली होती. तो भाग बघताना मी हुंदके देऊन रडले होते. त्या मुलीच्या दत्तक आईवडिलांना ती या कार्यक्रमापासून दूर राहायला हवी होती. तेव्हा मला ते कठोर वाटले होते. आज मला वाटतं, त्या सगळ्या गोंधळात मुलीच्या बाजूने उभी राहिलेली माणसं तीच होती.

कायदाही इथे तोकडा पडला. जॅकी कूगन या बालनटाची कमाई आई आणि सावत्र वडिलांनी उडवली, त्यावरून कॅलिफोर्नियात १९३९ मध्ये कायदा झाला. आज त्यानुसार बालकलाकाराच्या कमाईतले १५ टक्के त्याच्या नावाने वेगळे ठेवावे लागतात. पण रिअॅलिटी शोमधलं मूल अभिनय करत नाही, ते आपलं जगत असतं, म्हणजे ते काम नव्हे, असा युक्तिवाद होत आला आहे. मला तो मान्य नाही. बाळ नसेल तर कार्यक्रमच नाही. अमेरिकेतल्याच इलिनॉय राज्यात जुलै २०२४ पासून, आईबापांच्या कमाईच्या ऑनलाइन व्हिडिओंत दिसणाऱ्या मुलांसाठी पैशाचा वाटा राखून ठेवण्याचा कायदा लागू झाला. चांगलं पाऊल आहे. पण पैसा परत देता येतो. वर्गातल्या मुलाने मोबाइलवर तुझ्या बापाचं भांडण दाखवून हसणं, हे कशाने परत घेणार? २००९च्या त्या बाळांनी सोळा वर्षं ओलांडली आहेत. चित्रण झालं तेव्हा त्यांच्या आयांचं जे वय होतं, त्या वयाला ती येऊन पोचली आहेत.

मग त्या रात्री एकपर्यंत झालेलं आमचं बोलणं मी खोटं ठरवू का? तेही जमत नाही. ते बोलणं मला हवंच होतं. अशा मुलींच्या गोष्टी सांगितल्या जाव्यात असंही मला वाटतं, कारण त्या लपवून ठेवण्याने कुठल्याच मुलीचं भलं झालेलं नाही. माझं मागणं एवढंच आहे की बाळाचा चेहरा आणि नाव झाकावं, त्याच्यासमोरची भांडणं दाखवू नयेत, आणि मोठं झाल्यावर "माझं चित्रण काढून टाका" म्हणण्याचा हक्क त्याला असावा. त्या मुलीने वडील उठून गेल्याची गोष्ट सांगितली, तेव्हा बाळ अजून जन्मलंही नव्हतं. माझ्या लेकीला प्रश्न विचारायला तेवढं पुरलं होतं.

आता एक विनंती आपल्याला. त्या लेखासोबत आपण एका आईचा जुना फोटो छापला आहे. तिच्या कडेवर दीडेक वर्षाचं मूल आहे, नाकातून पाणी वाहतंय, चेहरा पूर्ण दिसतोय आणि खाली नावही दिलं आहे. लेखात ज्याला बाजार म्हटलं आहे, त्यातलाच हा फोटो आहे. आपल्या संकेतस्थळावर तो लेख अजून आहे. तिथून तेवढा चेहरा आणि ते नाव काढावं.

आपली,
एक नियमित वाचक